दोन आलेखांमधलं अंतर

"मधलं अंतर वाढवायला हवं," महेंद्र म्हणाला, आणि यशोधरा दचकली.

पडद्यावर दोन आलेख होते. वर खर्ड्याच्या विहिरींची पाणीपातळी, खाली कर्जतच्या. खालचा आलेख वरच्याला इतका चिकटला होता, की वरच्याच्या खाली लिहिलेलं गावाचं नाव झाकलं गेलं होतं. तिथे नाव नव्हतंच... हे फक्त यशोधराला ठाऊक होतं.

नगरच्या त्या भूजल कार्यालयात एकच कॉम्प्युटर. सहा महिन्यांपूर्वी दोघं एकदमच त्या खुर्चीकडे वळले, आणि खुर्ची तिला देऊन हा कोपरगावचा महेंद्र उभाच राहिला. आलेख काढायची 'लायब्ररी' त्यानेच शिकवली. "यात पुस्तकं नसतात, तयार हुकूम असतात," असं म्हणून तो हसला, आणि खर्ड्याहून आलेल्या यशोधराबाईंचा जीव तिथेच गुंतला. पण सांगायची भीती! आता त्याला हैदराबादची नोकरी आली होती. सोमवारी होकार कळवायचा होता.

काल तो चहाला गेला, तेव्हा तिने खर्ड्याच्या जागी इंग्रजी अक्षरांत 'जाऊ नगा' टाइप केलं. खालच्या आलेखाने ते झाकलं, तिला हलकं वाटलं. पुसायचं तेवढं राहिलं.

"वाढवू नगा!" घाबरली की तिच्या तोंडी गावाकडची बोली यायची. "म्हणजे... असंच छान दिसतंय."

"छान? एकमेकांच्या अंगावर पडलेत!"

"पडू देत की."

त्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. पण पुण्याला निघालेले राधाकृष्ण साहेब कागदासाठी दारात उभे होते. महेंद्रने घाईघाईने अंतराचा आकडा दुप्पट केला, आणि छापायला सोडलं.

प्रिंटर करकरू लागला. साहेब ओरडतील ते सोसता येईल, पण महेंद्र हसला तर?

शिपाई आसारामने कागद फाडून अक्षरं लावली. "जौ... जौनागा. ताई, ह्ये कोनतं गाव हाय? आपल्या जिल्ह्यात तर न्हाई ऐकलं."

"जौनागा?" साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

महेंद्रने कागद घेतला. वाचला. त्याचे ओठ न बोलता हलले, आणि कान लाल झाले.

"चूक झाली, साहेब. खर्डा हवं होतं. दुसरा काढून देतो."

नवा कागद घेऊन साहेब गेले, मागून बॅग घेऊन आसारामही. महेंद्रने पहिला कागद नीट घडी करून खिशात ठेवला.

"यशोधरा, हे गाव कुठे आहे?"

"कुठंच न्हाई," ती खाली मान घालून म्हणाली.

"मग सोमवारी हैदराबादला मी काय कळवू?"

आता झाकायला मध्ये काहीच नव्हतं. तिने मान वर केली.

"जाऊ नगा."

कोपरगावच्या त्या माणसाने थेट खर्ड्याच्या बोलीत उत्तर दिलं, "न्हाई जात."