अर्धा मिलिमीटर

सोमवारी यंत्रात ठेवलेली कोरी नळी पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी साठ वर्षांची होऊन बाहेर येई. यंत्राचं कागदोपत्री नाव 'जरायंत्र', मुलांच्या तोंडी मात्र 'म्हातारी'. अणुभट्टीतली नळी साठ वर्षांत न्यूट्रॉनचा जेवढा मारा सोसते, तेवढा ही म्हातारी नऊ दिवसांत देत असे.

सुगंधा गावित नंदुरबारहून विद्यापीठात आली होती. मटेरियल सायन्समध्ये अणु-अभियांत्रिकी हा विशेष विषय घेऊन ती एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे मार्गदर्शक डॉ. लोटलीकर यांनी 'संधानी' नावाचा मिश्रधातू शोधला होता. त्याला भेग पडली, की ती आपोआप बुजे. देशातल्या अकरा भट्ट्यांत त्याच्या नळ्या बसल्याही होत्या.

विभागात नळी नेहमी आडवी कापत आणि कडेच्या अर्ध्या मिलिमीटरचं छायाचित्र घेत. प्रबंधात काहीतरी स्वतःचं असावं, म्हणून सुगंधाने एका बुधवारी शिशाच्या काचेआडून यांत्रिक हातांनी एक नळी उभी चिरली.

वर चकचकीत पापुद्रा होता. आत वाळवीने खाल्लेल्या लाकडासारखी काळी, भुसभुशीत जाळी. भेगा बुजवायला लागणारे अणू धातू स्वतःच्याच पोटातून ओढत होता. सुगंधाने त्याचं छायाचित्र घेतलं.

ती छायाचित्र घेऊन गेली, तेव्हा लोटलीकर सीताफळ खात होते. तिचं सगळं बोलणं होईपर्यंत ते एकेक बी चोखून वाटीत टाकत राहिले.

"नियमावली काय म्हणते? अर्धा मिलिमीटर तपासा. आपण तपासला."

"सर, तुम्हाला हे माहीत होतं?"

"तुझ्याआधी दोघांनी उभं कापून पाहिलंय," ते बोटं पुसत म्हणाले. "दोघंही आज उत्तम जागी आहेत. तुझ्यासाठीही मी शब्द टाकणारच आहे."

ती बाहेर आली आणि बराच वेळ हात धूत राहिली. लोटलीकरांची तिला शिसारी आली होती. मग तिला स्वतःची नोंदवही आठवली. गेल्या वर्षी चार नळ्यांच्या भिंतीच्या मध्यभागी तिला काळपट डाग दिसले होते आणि सरांच्या सांगण्यावरून तिने चारही वेळा लिहिलं होतं, 'कापताना खराब झाली.' ते वळणदार अक्षर आता तिला बघवेना.

तोंडी परीक्षेत तिने ठरलेली चित्रं दाखवली आणि शेवटी ते उभं छायाचित्र पडद्यावर लावलं. नमुना कापताना बिघडला असणार, असं लोटलीकरांनी शांतपणे सांगून टाकलं.

सुगंधाने नोंदवहीची चार पानं लावली. "असंच मी चार वेळा लिहिलं. ते खोटं होतं. कापण्यात काहीच चुकलं नव्हतं."

बाहेरच्या परीक्षक डॉ. नफिसा काझी पडद्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "पोकळी कधीपासून सुरू होते?"

"सातव्या वर्षापासून, मॅडम. हे पाहिल्यावर वेगवेगळ्या वयाच्या नळ्या कापून मी ते ताडून पाहिलं."

"आणि भट्ट्यांतल्या नळ्या?"

"सर्वांत जुन्यांना या मार्चमध्ये सहा वर्षं पूर्ण झाली."

लोटलीकरांनी लगेच आठवण करून दिली, की गेल्याच महिन्यात अकराही भट्ट्यांची तपासणी झाली होती आणि एकाही नळीवर ओरखडासुद्धा सापडला नव्हता. दोन-तीन प्राध्यापकांनी माना डोलावल्या. सुगंधाला त्या मानांचीही किळस आली.

काझीबाई वळल्या. त्यांनी समितीतल्या प्रत्येकाकडे आळीपाळीने पाहिलं.

"चालू भट्टी थांबवून, वरून निर्दोष दिसणारी एक नळी बाहेर काढा आणि उभी चिरा, अशा पत्राचा मसुदा मी आत्ता इथेच लिहिते. त्यावर माझ्या आणि या मुलीच्या सहीखाली तिसरी सही कोण करणार?"