लेकीच्या दाराला कडी

कुलूपवाला लेकीकडे निघाला तेव्हा त्याची बॅग भरायला मीच बसलो होतो. माझं सायकलचं दुकान, त्याचं कुलूप-किल्ल्यांचं, मध्ये फक्त एक फळीची भिंत. तीस वर्षं आम्ही एकमेकांचा खोकला ऐकला. तुम्हा पोरांना तो आठवायचा नाही, तुम्ही लहान होता. आता लाइट गेलीच आहे आणि झोपायचं कोणी नाव घेत नाही, तर सांगतो. मध्ये विचारू नका. मला सावकाश सांगायची सवय आहे.

माणूस भला, पण कुलपाच्या बाबतीत वेडा. त्याची बायको म्हणायची, हे झोपताना पापण्यांनाही कडी लावतात.

लेक एकुलती एक. तिने आपल्या मनाने लग्न केलं आणि नवऱ्याबरोबर पार उत्तरेकडच्या शहरात राहायला गेली. याने चार वर्षं तिचं तोंड पाहिलं नाही. तिचा फोन आला की कापायचा, आणि मग दिवसभर एकच किल्ली घासत बसायचा. पुढे बायको गेली, घर खायला उठलं, तेव्हा अक्कल आली. जावयानेच फोन केला. म्हणाला, बाबा, तुम्ही या, तिकीट मी काढतो.

तो फळीपलीकडून माझ्याकडे आला. म्हणाला, "गड्या, रिकाम्या हाताने कसा जाऊ?"

मी म्हटलं, जावयाला चांगलंसं घड्याळ घे. त्याने आठ दिवस बसून एक कडी घडवली. वीतभर लांब, पोलादी, चार स्क्रूंची. मला म्हणाला, माझ्याकडे द्यायला दुसरं आहे काय.

पुढचं सगळं त्याने मला सांगितलेलं आहे.

दोन दिवस रेल्वे आणि अर्धा दिवस बस. शहर मोठं होतं. इस्पितळ, कॉलेज, सहा-सहा मजली इमारती. पण कुठल्याही रस्त्यावर उभं राहा, टोकाला डोंगर. डोंगराआड सूर्य लवकर जायचा, दुपारी साडेतीनला रस्त्यावरचे दिवे लागायचे आणि बायका शाळेतून पोरांना आणायच्या त्या काळोखातून. कोल्हे कचऱ्याचे डबे उलथायचे आणि लोक त्यांना मांजरासारखं हाकलायचे. शेवटच्या बसथांब्यामागे दिव्याचा एक खांब, आणि त्या खांबापलीकडे जंगल. कुंपण नाही, पाटी नाही. शहर तिथे नुसतं थांबत होतं. अंगावर चार थर चढवून मी कोबीचा गड्डा झालो होतो, असं तो सांगायचा.

लेकीचं घर शेवटच्या थांब्याच्या मागच्या ओळीत. त्याला एकामागे एक दोन दारं होती. मध्ये अरुंद खोली, तिच्यात एक बाक, बूट, फावडं, घडी घातलेलं ब्लँकेट. बाहेरच्या दाराला कडी नाही, कुलूप नाही. आतलंही नुसतं ओढून घेतलेलं. याने चौकटीवर कडीची भोकं शोधली, तीही नव्हती. लेकीने समजावलं की तिकडे बाहेरचं दार कोणीच बंद करत नाही. बर्फात सापडलेला माणूस दाराशी पोचला तर किल्ली शोधण्याइतका वेळ त्याच्याकडे नसतो. कोणीही यावं, आत बसावं.

"आणि चोर?" याने विचारलं.

"बाबा, इथे चोरालाही थंडी वाजते," ती म्हणाली.

जावई घाटरस्त्यावरचा बर्फ काढायचं यंत्र चालवायचा. संध्याकाळी चारला जायचा, सकाळी सातला यायचा. दांडगा, अबोल, अंगात कायम जाड विणीचा लोकरी स्वेटर, त्याला डिझेलचा वास. पहिल्याच दिवशी त्याने सासऱ्याला खुर्चीवर बसवलं, स्वतः गुडघ्यावर बसला आणि त्याच्या पायांत लोकरीचे मोजे चढवले. चार वर्षांबद्दल एक शब्द नाही. कुलूपवाला मला म्हणाला, शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं रे.

तिसरा दिवस. सोळा जानेवारी, गुरुवार. त्या दिवशी नवराबायकोत वाजलं. बाबा चार वर्षांनी आलेत आणि तुला एक रात्रही सुट्टी घेता येत नाही, असं तिचं म्हणणं. तो चारला कामावर निघून गेला. तिचं डोकं दुखायला लागलं आणि ती आठलाच जाऊन झोपली.

हा पुढच्या खोलीत एकटा. बाहेर उणे सव्वीस. मध्ये दोन बिनकडीची दारं. याला झोप येईना. चाळीस वर्षं ज्याने दुसऱ्यांची दारं बंद केली त्याला उघड्या घरात झोप कशी यावी? नऊ वाजता त्याने बॅगेतून कडी काढली आणि बाहेरच्या दाराला आतून बसवली. चार स्क्रू. आवाज न करता. सहाला उठायचं, कडी काढायची, जावई सातला आला की त्याला दाखवायची. मनात एवढंच होतं. कडी सरकवली, आणि मग त्याला गाढ झोप लागली.

दोन वाजून दहा मिनिटांनी दार वाजलं.

त्याने घड्याळ पाहिलं म्हणून वेळ पक्की. बाहेरचं दार. हळू, तीनदा. याने विचार केला, लेक आत झोपलेली, जावई सातला येणार, मग दोनला कोण? आणि चोराची रीत याला तोंडपाठ. कोणी जागं आहे का ते बघायला चोर आधी हळूच वाजवतो.

हा गप्प पडून राहिला.

पुन्हा वाजलं. या वेळी तळहाताने. वाऱ्यात काही शब्द होते की नव्हते, मध्ये दोन दारं, कळलं नाही. मग आवाज खाली गेला. दाराच्या तळाशी. खरवडल्यासारखा...

मग तोही थांबला.

याने मनात म्हटलं, गेला चोर. कडीने काम केलं.

अर्धा तास झाला असेल. आतलं दार उघडलं.

आतलं.

पावलं. जड, ओली. खाटेजवळून गेली. डिझेलचा वास आला. याने अंधारात ओळखलं... जावईच. लवकर सुटला वाटतं. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं. आणि आठवलं.

कडी.



पावलं लेकीच्या खोलीत गेली. पलंग करकरला. मग लेकीचा आवाज, अर्ध्या झोपेतला, रागावलेला.

"सरक तिकडे. बर्फ झालायस नुसता. हात लावू नको."

आणि ढकलल्याचा आवाज.

मग... काही नाही. बराच वेळ काही नाही. मग पावलं परत आली. हळू. खाटेजवळ थांबली. हा डोळे मिटून पडलेला. पावलं निघाली. आतलं दार लागलं.

बाहेरचं उघडल्याचा आवाज आलाच नाही.

हा उठला. दिवा लावला. मधल्या खोलीत कोणी नव्हतं. फरशी कोरडी. कडी होती तशीच, पुरी सरकवलेली.

त्याने ती मागे सरकवली. दार आत रेटलं गेलं, कारण जावई बाहेरून त्याला टेकून बसला होता. कमरेपर्यंतचे कपडे गोठून लाकूड झालेले. हातमोजे नव्हते. नखं...

नखांचं राहू दे.

यंत्र ओढ्यात घसरलं होतं. फोन भिजून बंद पडला. कमरेइतक्या पाण्यातून निघून तो घराकडे चालत सुटला, कारण आपलं दार उघडं असतं हे त्याला माहीत होतं.

त्या रात्रीचं हे सगळं कुलूपवाल्याने मला सहा वर्षांनी इकडच्या इस्पितळात सांगितलं, मरायच्या चार दिवस आधी. माझं मनगट घट्ट धरलं होतं. म्हणाला, "मी आधी स्क्रू काढले, गड्या. नाडी मग बघितली."

चार स्क्रू. भोकांत मेणबत्तीचं मेण भरलं, वर लाकडाचा भुसा चोळला. कारागीर माणूस, कोणाला संशयही आला नाही. कडी बॅगेत तळाशी ठेवली. मग नाडी बघितली. नव्हती. आधी होती का, ते त्याला कधीच कळलं नाही. त्याने जावयाला होता तसा बसवला, दार लोटून घेतलं आणि खाटेवर जाऊन सहा वाजण्याची वाट बघत पडला.

सकाळी शेजारी जमले. लेक प्रत्येकाला एकच सांगत होती. तो घरी आला होता. माझ्याजवळ येऊन झोपला होता. मी ढकललं म्हणून उठून बाहेर गेला. सगळ्यांनी मान डोलावली. दार तर उघडंच होतं, तेव्हा आला असणार आणि रागाने गेला असणार. बाप तिथेच उभा होता. त्याला ठाऊक होतं की जावई घरात आलाच नव्हता. येणं शक्यच नव्हतं. एक शब्द बोलला असता तर लेकीच्या डोक्यावरचा दगड उतरला असता आणि त्याच्या डोक्यावर आला असता.

तो बोलला नाही.

लेकीला तो इकडे घेऊन आला. सहा वर्षं ती त्याच्याजवळ राहिली, त्याचं सगळं केलं. मला भेटली की कधीतरी मध्येच म्हणायची, "मी म्हटलं सरक. तो सरकला, काका." बाप तिथेच बसून किल्ली घासत असायचा.

इस्पितळात मी त्याच्यावर फार चिडलो. दोन दिवस गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा म्हणाला, मी गेल्यावर सांग तिला, आधी नको. शेवटचा घोट तिच्या हातचा हवा. तो मिळाला त्याला.

तो गेल्यावर महिन्याभराने मी तिच्याकडे गेलो. मे महिना, दुपारचे दोन. सगळं सांगितलं. मला वाटत होतं, पोर मोकळी होईल. बापाला शिव्या देईल, रडेल, पण मोकळी होईल.

सगळं ऐकून तिने विचारलं.

"कडी आतून लावलेली होती?"

"होती."

"बाबांनी उठून पाहिली तेव्हाही?"

"तेव्हाही."

"आणि तो बाहेर होता."

"बाहेर."

 

"मग काका," ती म्हणाली, "मी ढकललं ते कोणाला?"

 सांगायला नको होतं, एवढं कळलं. उशिरा कळलं.

तिने उजवा हात माझ्यापुढे धरला. तळवा चुन्यासारखा पांढरा होता. त्या रात्रीपासूनच तो तसा आहे म्हणाली. डॉक्टर म्हणतात, रक्त नीट वाहतंय, काही झालेलं नाही. मी तो हात माझ्या दोन्ही हातांत घेतला, लहान मुलाचे हात शेकतात तसा. माझ्या कोपरावरून घाम ठिबकत होता. बराच वेळ धरून बसलो. तो तापला नाही. माझीच बोटं बधिर व्हायला लागली तेव्हा सोडला.

सोडताना दिसलं. तळव्यावर, कातडीच्या आत, लोकरीच्या विणीचे बारीक टाके उमटलेले होते. रांगेने. मी अंगठा फिरवून पाहिला... ते ओले होते.