उपाशी ठेवलेली ओळ

ईशानी डभोईच्या मळ्यात सोमवारीच यायची. त्या दिवशी गुरुवारी आली, आणि एक अनोळखी तरुण तिच्या तुरीच्या कुंड्यांना शेणपाणी पाजताना सापडला. तेही नेमक्या त्या ओळीला, जिला तुलनेसाठी साध्या पाण्याशिवाय काही द्यायचं नव्हतं!

"कोण तुम्ही? हे काय चाललंय?"

तो विहंग, मळेवाल्या जनार्दनकाकांचा पुतण्या. बडोद्यात पाणीगेटच्या शाळेत शिकवायचा, सुट्टीत काकांकडे आलेला. "बाकीच्या ओळींना सगळं मिळतं, हीच उपाशी... बघवेना. तीन आठवडे रोज थोडं देतोय."

रोज! ईशानीच्या अंगाचा तिळपापड झाला. हाडांत असतं तेच खनिज तिनं प्रयोगशाळेत घडवलं होतं. कण इतके बारीक की पाण्यात दुधासारखे मिसळावेत. पिकाला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मिळावं, पण पोत्यांनी खत ओढ्याला वाहून जाऊ नये, म्हणून दोन वर्षं झिजली होती. आणि सोमवारच्या मोजणीत उपाशी तूर नि खनिज दिलेली तिची तूर सारखीच भरली, तेव्हा तिचे मार्गदर्शक रमाकांत सरांनी प्रयोग गुंडाळायला सांगितलं होतं.

"तुमच्या दयेनं माझं काम बुडालं. चला बडोद्याला, सरांना स्वतःच्या तोंडानं सांगा."

वाटलं, काढता पाय घेईल. तो हात धुऊन बसमध्ये येऊन बसला. वाटभर तिनं त्याला फैलावर घेतलं; त्यानं खिडकीची जागा मात्र तिलाच दिली. सरांची बोलणी खाली मानेनं ऐकली... आणि हळूच विचारलं, पुन्हा पेरलं तर? राखण मी करीन.

सरांनी एक हंगाम दिला.

आता ईशानी सोमवारऐवजी रविवारी यायची. विहंगही दर रविवारी यायचा, खुरटलेल्या ओळीकडे बघून सुस्कारे सोडायचा.

"किती निष्ठुर तुम्ही, ईशानीबेन."

"बेन म्हणू नका."

"मग... काय म्हणू?"

ती पानं मोजत राहिली. दोनदा चुकली.

शेवटच्या मोजणीत तिची तूर उपाशी ओळीपेक्षा वीतभर उंच भरली. आकडा सरांच्या आधी तिनं त्याला सांगितला, आणि स्वतःवरच चिडली.

"उद्या घरी या. आईला तुमचं नाव ठाऊक आहे."

"कोण म्हणून?"

"प्रयोग बुडवणारा म्हणून. रोज जेवताना तेच ऐकतेय बिचारी..." तिची नजर खाली वळली. "काल म्हणाली, इतकं चिडायला माणूस फार आवडावा लागतो."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मला 'नाही' म्हणता आलं नाही," ती म्हणाली, आणि तेही रागानंच.