शेवटचा लाल ठिपका

२०७१ साली जिल्ह्याच्या नकाशावर एकच लाल ठिपका उरला होता, आणि तो होता पद्मावती चौगुले यांच्या घरावर. चौकाचौकात यकृतदर्पणं बसून दहा वर्षं झाली होती. त्या काचेवर हात ठेवला की मिनिटभरात यकृताचं चित्र उमटे आणि हिपॅटायटिस सीचा विषाणू असेल तर तोही कळे. गोळ्यांनी बाकी सगळे बरे झाले. चौसष्ट वर्षांच्या पद्मावतीबाई मुलींना व्हॉलीबॉल शिकवत. आपल्याला कसला आजार, म्हणून त्या गेल्या महिन्यापर्यंत दर्पणाकडे फिरकल्याच नव्हत्या.

डॉ. रेहाना मुजावर गोळ्या घेऊन त्यांच्या घरी आल्या, पण बाईंचे अहवाल पाहून त्या चक्रावल्या होत्या.

"बाई, तुमचे वडील आणि दोन्ही भाऊ हृदयविकारानं गेले ना?"

"पंचेचाळिशी कोणीच गाठली नाही."

"तोच आनुवंशिक दोष तुमच्यातही आहे. कोलेस्टेरॉल दुप्पट-तिप्पट हवं होतं. तुमचं सामान्य माणसापेक्षाही कमी आहे."

"मग बरंच की."

"हे त्या विषाणूचं काम आहे. यकृत चरबीची गाठोडी बांधून रक्तात पाठवतं. या विषाणूला वाढायला चरबीच लागते, म्हणून तो गाठोडी बाहेर जाऊ देत नाही. रक्त स्वच्छ राहतं, चरबी यकृतात साठते. तुमचं यकृत आता बरंच कडक झालंय."

विषाणू शिरला होता एकोणचाळीस वर्षांपूर्वी, बाळंतपणात दिलेल्या रक्तातून. गोळ्या घेतल्या तर तो जाईल, यकृत सावरेल. पण कोलेस्टेरॉल उसळेल, आणि या घराण्याच्या दोषावर उपलब्ध औषधं जेमतेमच लागू पडत.

दाराशी उभा असलेला सन्मती, त्यांचा एकोणचाळीस वर्षांचा मुलगा, सगळं ऐकत होता. दोष त्याच्यातही होता. दिवाळीपासून जिना चढताना त्याच्या छातीत कळ येत असे.

"डॉक्टर, आईचा विषाणू मला दिला तर?"

"तो तुमचं यकृत खाईल."

"किती वर्षांत?"

"वीस. कदाचित तीस."

"माझ्याकडे सहा आहेत."

कायदा आड येतो, एवढंच रेहाना म्हणाल्या. हे होणार नाही, असं मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही, आणि ते पद्मावतीबाईंच्या लक्षात आलं.

"दुसरा काही मार्ग?" त्यांनी विचारलं.

"विषाणूशिवाय त्याची ही युक्ती तेवढी उचलता आली तर औषध बनेल," रेहाना स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "पण त्याचे साठवलेले नमुने गेल्या वर्षीच जाळले. शोधायचं तर जिवंत विषाणू हवा, तोही महिनोन्‌महिने ताज्या रक्तातून."

"मग राहू दे माझ्यात."

"बाई, तुमचं यकृत वर्ष-दोन वर्षांत पार जाईल."

"मला समजलंय ते."

"आई, नको," सन्मती म्हणाला. त्याच्या आवाजात जोर नव्हता.

पद्मावतीबाईंनी बाही वर सरकवून हात पुढे केला. रेहानांनी रक्ताची एक नळी भरून घेतली आणि न उघडलेलं गोळ्यांचं पाकीट पुन्हा पिशवीत टाकलं. बाहेर येऊन त्यांनी त्या दिवसाच्या नोंदीत लिहिलं : घर बंद होतं.