आधी तिचा चेहरा

सकाळी आंघोळ झाली की मी तुळशीला पाणी घालते आणि देवघरात बसते. देवांच्याही आधी गळ्यातला टाक काढून ताम्हनात ठेवते, धुते, हळदीकुंकू लावते आणि परत गळ्यात घालते. अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा पत्रा आहे तो. त्यावर एक बाई उठवलेली आहे. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, पदर म्हणून थोड्या रेघा. नाक नाही, तोंड नाही.

ही आसराबाई, आमच्या ह्यांची पहिली बायको. कावीळ होऊन गेली तेव्हा अर्पिता रांगत होती. पुढच्या वर्षी मी लग्न होऊन जाफराबादला आले आणि सासूबाईंनी मंगळसूत्राच्या जोडीला हा टाक माझ्या गळ्यात घातला. आमच्यात तशी रीत आहे. घरात नवं काहीही येवो, लुगडं असो की पातेलं, ते आधी तिच्यासमोर ठेवायचं, मग आपण वापरायचं. मला कधी त्याचं ओझं वाटलं नाही. तिच्या हातून सुटलेलं लेकरू माझ्या मांडीवर आलं होतं. अर्पिता पहिल्यांदा 'आई' म्हणाली ती मला. मला पोटचं मूल झालं नाही आणि मी देवाकडं मागितलंही नाही. तो एक शब्द माझा राहू दे, एवढंच मागत आले.

आसराबाईचा फोटो घरात नाही. लग्नातला एक होता. एका पावसाळ्यात भिंत पाझरली आणि तो फ्रेमीत पांढरा पडत गेला. मी तिला पाहिलेलं नाही. अर्पितालाही ती आठवत नाही.

अर्पिता शिकली आणि संभाजीनगरच्या एका कंपनीचं काम घरूनच कॉम्प्युटरवर करू लागली. दिवाळी झाल्यावर कंपनीनं कळवलं, कॉम्प्युटर नव्या अपडेटवर आणा, त्यातली सुरक्षा सगळी चालू करा, नाहीतर काम बंद. म्हणून तहसीलजवळ दुकान असलेले बुद्धभूषणभाऊ दुपारचे घरी आले. चष्मा कपाळावर, हातात चहाची बशी.

"वहिनी, आता पासवर्डची कटकट संपली," ते म्हणाले. "तोंड दाखवलं की उघडतं. माणूस उठून गेलं की आपोआप कुलूप. परत येऊन बसलं की जागं होतं. मागून कोणी डोकावलं तर तेबी सांगतं. समदं आतच आल्यालं हाय, वेगळा खर्चा न्हाई."

"म्हंजे घरात वॉचमन बसवला म्हणा," हे ओसरीवरून म्हणाले.

"वॉचमन झोपतो, मच्छिंद्रभाऊ. हे झोपत न्हाई."

तेवढ्यात त्यांना फोन आला. अर्पिता न्हाणीत केस धूत होती. "तवर तुम्हीच बसा वहिनी. त्या गोलात तोंड धरा, बस," असं म्हणून ते बाहेर गेले.

मी खुर्चीवर बसले. पडद्यावर मराठीत लिहून आलं, 'तुमचा चेहरा दाखवा.' त्या वेळी मनात काही आलं, असं मी म्हणणार नाही. घरात नवं आलं होतं आणि हात आपसूक गळ्याकडं गेला. टाक पदराबाहेर काढून मी कॅमेऱ्यापुढं धरला आणि डोळे मिटून नमस्कार केला.

डोळे उघडले तर गोलाभोवती हिरवी रेघ फिरत होती. फिरत फिरत दोन्ही टोकं जुळली. 'झालं. आता आम्ही तुम्हाला ओळखतो.'

मला वाटलं, टाकाआडून माझाच चेहरा घेतला असेल. मग ओल्या केसांनी अर्पिता आली आणि तिनं तिचा दिला. बुद्धभूषणभाऊ आत येऊन म्हणाले, "झालं बी? जल्दी झालं."

त्या हिवाळ्यात कापूस चांगला आला होता. गावाबाहेरच्या जिनिंगची घरघर दिवसभर यायची आणि दुपारी खिडकीतून ऊन आत यायचं तेव्हा त्यात कापसाचे बारीक तंतू तरंगत असायचे. खाली पडायचे नाहीत, वरही जायचे नाहीत. जेवणं झाली की सारं घर त्या घरघरीवर डोळा लावायचं.

पहिल्यांदा काय झालं, तर अर्पिता जेवायला उठली आणि कॉम्प्युटरला कुलूप लागलं नाही. ती हात धुऊन परत गेली तरी पडदा तसाच उघडा.

"आई, तू माझ्या खुर्चीवर बसल्ती का?"

"मी तर तुला वाढून राह्यले होते."

"मंग यानं बंद व्हायला पायजे होतं."

तिनं खांदे उडवले. मीही विसरले. दोनेक दिवसांनी मी कॉम्प्युटरच्या खोलीत खाली चटईवर पडले होते, हातात जपाची माळ. अर्पिता शेजारी गेली होती. घरघर, ऊन, कापूस. डोळा लागत होता की लागला होता, सांगता येत नाही. काळा पडदा हळूच उजळला. 'तुम्हाला शोधत आहे,' असं आलं. थोडं थांबून, 'स्वागत आहे.' आणि तो उघडला.

खुर्चीवर कोणी नव्हतं. फक्त उन्हातले तंतू खुर्चीच्या जागेपुरते बाजूला झाले होते, पाण्यात हात घातला की गाळ बाजूला होतो तसे.

मी माळ पुरी केली. उठून पाहिलं तेव्हा तंतू पुन्हा सगळीकडं सारखे होते.

मग ते मागून पाहण्याचं सुरू झालं. अर्पिता काम करत असली की दुपारच्या वेळी पडदा अंधुक व्हायचा आणि कोपऱ्यात ओळ यायची, 'तुमच्यामागून कोणीतरी पाहत आहे.'

"आई, सरक ना गं."

"मी गॅसपाशी आहे, बाई. पोळ्या करून राह्यले."

ती मान वळवून पाहायची. मागं दार, दारापलीकडं मी, हातात लाटणं. बुद्धभूषणभाऊ पुन्हा आले. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट दाखवून म्हणाले, "देवीचा चेहरा धरून राह्यलं असंल." कॅलेंडर काढलं. ओळ येतच राहिली. त्यांनी टेबलाची दिशा बदलली, खिडकीला पडदा लावला, सगळं बंद करून चालू केलं. मग चष्मा डोळ्यांवर घेऊन बराच वेळ बसून राहिले.

"वहिनी, मशीनला माणूस दिसून राह्यलं," ते हळू आवाजात म्हणाले. "आपल्याला दिसत न्हाई, त्याला मी काय करू?" आणि चहा न घेता गेले.

अर्पितानं मात्र कुरकुर सोडून दिली. एकदा मीच म्हणाले, ते मागून पाहायचं बंद करून टाक. ती काम थांबवून म्हणाली, "राहू दे. मागं कोणी असलं की बरं वाटतं." असं म्हणताना तिची मान थोडी मागं कलली होती. कोणी केसांतून हात फिरवला की कलते तशी.

त्याच आठवड्यात ती दुपारच्या चहाला बाहेर आली तेव्हा तिची वेणी घातलेली होती. बारीक पाच पेडांची, मानेपासून शेवटपर्यंत एकसारखी. पोरीला साधी वेणीही धड येत नाही, क्लिप लावून मोकळी होते. सासूबाई, द्वारकाबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना मोतीबिंदूमुळं आता नीट दिसत नाही. अर्पिता कप द्यायला वाकली आणि वेणी त्यांच्या हातावर आली. त्या बोटांनी चाचपत राहिल्या.

"कोणी घातली गं?"

"मीच घातली, आजी."

"पाठीमागं येवढे हात पुरतात व्हय तुझे?"

अर्पिता हसली आणि आत गेली. सासूबाईंचा चहा निवला. मग त्या मला म्हणाल्या, "हसनाबादकडं बाया घालायच्या अशी. तिच्या माहेरी. तुला येती का?"

"न्हाई."

"मंग?"

मी कप उचलले.

दुसऱ्या दिवशी अर्पिता बाजारात गेलेली असताना मी खोलीत गेले आणि त्या खुर्चीवर बसले. पदर सारखा केला. माझा चेहरा त्याच्याकडं असेल तर मला ओळखेल, एवढाच विचार होता. पडदा आधीच उघडा होता. मी समोर बसले आणि तो अंधुक झाला. कोपऱ्यात तीच ओळ आली, 'तुमच्यामागून कोणीतरी पाहत आहे.'

खोलीत मी एकटी होते. ते कोणाला सांगत होतं, हे मी स्वतःला विचारलं नाही. खुर्ची ऊबदार होती. मी येण्याआधी ती दुपारभर रिकामी होती.

मी देवघरात गेले आणि टाक हातात घेऊन बसले. "बाई," मी म्हणाले, "तुझ्या लेकराला मी कमी काही केलं न्हाई. सगळं आधी तुला दिलं. ती तेवढी मला राहू दे." ठिपक्यांनी माझ्याकडं पाहिलं, रोज पाहतात तसंच.

म्हणून, कंपनीतून जेव्हा विचारणा झाली की संभाजीनगरला ऑफिसात येऊन काम करणार का, तेव्हा 'हो म्हण' असं मीच म्हणाले. हे चकित झाले.

"तूच म्हणत होतीस ना, पोरगी डोळ्यांआड करायची न्हाई?"

"तिचं भलं होईल."

"मला जायचं न्हाई," अर्पिता म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती, पण पाहत होती आतल्या खोलीकडं. "मला इथंच करमतं."

मी दोन दिवस जेवले नाही. उपास आहे म्हणून सांगितलं. ती ओळखून होती. तिसऱ्या दिवशी तिनं बॅग भरली. बसमध्ये खिडकीशी बसून ती रडली आणि "आई, येते गं" म्हणाली, तेव्हा मी तिच्या डोळ्यांत पाहून घेतलं. माझ्याकडंच पाहत होती.

बुद्धभूषणभाऊंनी त्याच दुपारी कॉम्प्युटरमधले सगळे चेहरे पुसले. कॅमेरा फक्त बोलण्यापुरता ठेवला. साधा पासवर्ड लावून दिला. मी त्यांच्याकडून टेबल खोलीच्या मध्यापर्यंत ओढून घेतलं आणि खुर्ची पार मागं भिंतीला लावली. आता बसणाऱ्याच्या मागं कोणाला उभं राहायला जागाच नव्हती.

"वहिनी, भिंतीला येवढं चिकटून बसायचं?" ते म्हणाले.

"असू द्या."

ते दिवस चांगले गेले. माझ्या फोनची काच फुटलेली, म्हणून रोज संध्याकाळी मी कॉम्प्युटरवरच अर्पिताशी बोलायची. पडदाभर तिचा चेहरा. डब्याची भाजी कशी, खोलीतली मुलगी घोरते, साहेब बरा आहे. केस पुन्हा मोकळे, क्लिप लावलेली. दुपारी कॉम्प्युटर काळा असायचा, काळाच राहायचा. मी त्याच्यासमोर चटई टाकून माळ ओढायची आणि मला गाढ झोप लागायची.

सोमवारी माझं मौन असतं, दिवेलागणीपर्यंत. अर्पिताला ते लहानपणापासून ठाऊक, सोमवारी ती फोन करत नाही. त्या सोमवारी भर दुपारी कॉम्प्युटरवर बेल वाजली.

मला वाटलं, काही दुखलं-खुपलं असेल. मी खुर्चीवर बसले आणि कॉल घेतला. अर्पिता दिसली. मी ओठांवर बोट ठेवलं आणि हसले.

"आई," ती म्हणाली.

मी मान हलवली.

ती माझ्या बोटाकडं पाहत नव्हती. डोळे जरासे वर होते, माझ्या कपाळाच्या वर.

"हो, जेवले," ती म्हणाली.

थोडं थांबली. ऐकताना थांबतात तशी.

"न्हाई गं, डबा बराबर येतो."

मी काही विचारलं नव्हतं.

"लावते ना तेल. रोज लावते." तिनं खांद्यावरून वेणी पुढं घेतली आणि दाखवली. पाच पेडांची. "बघ, आली मला."

पुन्हा थांबली. मग हसली, हनुवटी खाली घालून. असं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं.

खिडकीतून ऊन आलेलं होतं. जिनिंगची घरघर थांबली होती, की मलाच ऐकू येत नव्हती.

मी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मौन मोडलं.

"अर्पिता."

ती मधेच अडली. दोघी बोलत असताना तिसरीनं तोंड घातल्यावर अडतात तशी. तिचे डोळे खाली उतरले आणि माझ्यावर थांबले. तिनं मला नीट पाहिलं. मग ती परत वर पाहू लागली आणि आवाज लहान करून म्हणाली,

"आई, तुझ्या मागं भिंतीला टेकून ती बाई कोण बसलीय गं? मघापासून माझ्याकडंच पाहून राह्यली."

मी हात मागं नेला. भिंत होती, गार. माझी पाठ तिला टेकलेली होती.