बटण आणि कानवाली

पहिला बार मी आभाळात काढला, दुसरा गवतात. नारिंगी चकती दोन्ही वेळा माझ्याकडे ढुंकूनही न बघता निघून गेली.

“नळीच्या टोकाकडे कशाला बघताय? चकतीकडे बघा!” कानांवर आवाज अडवणारे मफ असूनही ऐकू येईल इतक्या खणखणीत आवाजात मागून कुणीतरी म्हणालं.

मी तावातावाने वळले, तशी आत्या ओरडली, “भरलेली बंदूक घेऊन वळतात का, शहाणे! आधी उघड ती!”

दुनळी मधून उघडली, काडतुसं काढली आणि मगच नीट वळून पाहिलं. पत्र्याच्या शेडखाली तो बसला होता... पायात चिखलाचे बूट, हातात वायरीचं बटण आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबलेलं हसू. नेमबाजाने “सोड!” म्हटलं की याने बटण दाबायचं आणि समोरच्या खड्ड्यातल्या यंत्राने मातीची चकती हवेत भिरकावायची. नऊ वर्षं हेच काम, म्हणून सगळे त्याला बटणच म्हणायचे.

“तुम्ही काय करता?” त्याने विचारलं.

“लोकांचे कान तपासते.”

“अच्छा... कानवाली!”

झालं, मला नाव पडलं.

आत्या त्या क्लबची सेक्रेटरी. “दिवसभर लोकांच्या कानात डोकावतेस, जरा लांबचं बघायला शीक,” म्हणत तिनेच मला तिथे ओढून नेलं होतं. एका रविवारचा प्रश्न आहे, म्हटलं, जाऊन येऊ. पण पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता मीच तिच्या दारात हजर! आत्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“लिपस्टिक लावली की चकत्या फुटतात वाटतं?”

शिकवायची आत्या, पण चुका सापडायच्या त्याला. बंदुकीचा दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट बसला नाही की, “उद्या खांदा निळा होईल हं!” (झालाच.) गाल दस्त्यावरून उचलला की, “फुटली की मी सांगेन, तुम्ही मान काढू नका!” आणि घोडा ओढल्याबरोबर नळी थांबवली की, “चकती थांबली का? मग तुम्ही का थांबलात?”

“तुम्हाला मागून एवढं सगळं दिसतं?” मी एकदा विचारलंच.

“दिसतं की. हाक द्यायच्या आधी तुम्ही श्वास घेता, मग उजवा खांदा जरासा... उतरतो.”

माझ्या खांद्याकडे इतकं लक्ष माझ्या शिंप्यानेसुद्धा कधी दिलं नव्हतं. शिवाय मी बोलायला लागले की हा एकटक माझ्या ओठांकडे बघायचा. आता मला सांगा, सत्तावीस वर्षांच्या मुलीने यातून काय समजायचं?

पाचव्या रविवारी माझी पहिली चकती फुटली. नारिंगी धुरळा उडाला आणि मी आनंदाने नाचायचीच काय ती बाकी होते. तो खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होता. माझे कान तापले. त्याच भरात पुढची काडतुसं भरली, बंदूक खांद्याला लावली, श्वास घेतला, तोंड उघडलं... आणि घशातून आवाजच फुटला नाही. नुसती हवा.

तरी चकती उडाली.

मी बार काढलाच नाही. बाकी सगळ्यांच्या कानांवर मफ होते, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पण माझा तर धंदाच हा! त्याने हाक ऐकलीच नव्हती. तो माझा खांदा बघून बटण दाबत होता. नऊ वर्षं बंदुकांच्या मागे उघड्या कानांनी बसला होता... का, तर हाक ऐकू यायला हवी म्हणून! आणि ते ओठांकडे बघणं? म्हणजे तो फक्त मी काय बोलतेय ते वाचत होता. मला एकदम रडूच आलं.

त्याच महिन्यात क्लबच्या सगळ्या कर्मचाऱ्यांची कानतपासणी आत्याने माझ्याकडे लावली. तो काचेच्या खोलीत बसला, कानांवर हेडफोन आणि हातात पुन्हा एक बटण. शिटी ऐकू आली की दाबायचं. पठ्ठ्याने सगळी उत्तरं बरोबर दिली! अगदी बारीक शिट्ट्यासुद्धा. काचेतून तो माझा खांदा बघत होता.

मी यंत्र मांडीवर घेतलं आणि खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ केली. त्याने बटण दाबलं की लागणारा यंत्रावरचा दिवा त्यानंतर फारसा लागलाच नाही.

“वळायची काय गरज होती?” बाहेर आल्यावर तो म्हणाला. आवाज पार उतरला होता.

“तपासणी अशीच असते.”

“लिहू नका ना हे... मला दुसरं काही येत नाही.”

“नाही लिहिलं तर उरलंसुरलं पण घालवून बसशील तू!”

त्याला पहिल्यांदा ‘तू’ म्हटलं ते असं, भांडताना. तो तसाच निघून गेला.

रिपोर्टमध्ये मी खरं तेच लिहिलं. आणि कानांच्या रिपोर्टमध्ये कुणी लिहीत नाही असंही खाली लिहिलं... की नवशिक्याची चूक या माणसाला पाठीमागून दिसते, याला बटणावर बसवू नका, शिकवायला ठेवा.

आत्याने चष्मा नाकावर घेतला. “हा कानांचा रिपोर्ट आहे की एखाद्या स्थळाचं वर्णन?”

“आत्या!”

“बरं बरं. कानाचं मशीन लावून आला तर देते शिकवायला. पण त्याला सांगायचं कुणी? क्लबवर फिरकत नाही, फोन उचलत नाही तो.”

त्याच्या जागी आवाजावर चालणारं यंत्र आलं. हाक दिली की चकती, काही तक्रार नाही. पण तीन रविवार माझी एकही चकती फुटली नाही. त्याने मला कायमचं टाकलं या विचाराने घास उतरत नव्हता. शेवटी माझं तोंड बघवेना म्हणून आत्याच रिपोर्ट घेऊन त्याच्या घरी जाऊन बसली.

बुधवारी तो दवाखान्यात आला.

“मशीन बसवायचंय,” भिंतीकडे बघत म्हणाला.

मी बसवलं. मग पुन्हा काचेची खोली, पुन्हा त्याच्याकडे पाठ. मी माइकवर यादीतला शब्द म्हणायचा आणि त्याने तोच परत म्हणायचा.

“पाणी.”

“पाणी.”

“खिडकी.”

“खिडकी.”

“राग गेला का?”

“हे यादीत आहे?”

“आहे.”

“गेला. रिपोर्ट वाचला तेव्हाच गेला.”

समोर नुसती भिंत असली की धीर येतो. मी यादी बाजूला ठेवली.

“मला तू खूप आवडतोस.”

शांतता. मी आवाज एक घर वाढवला आणि पुन्हा म्हणाले. तरी शांतता! देवा, मशीन बिघडलं की काय... तिसऱ्यांदा इतक्या जोरात म्हणाले की बाहेर बाकावर बसलेल्या ठार बहिऱ्या आजोबांनी मान वर केली.

मी गर्रकन वळले. तो डोळे मिटून बसला होता, कान लालबुंद, आणि हसत होता.

“पहिल्याच वेळी ऐकलं होतं,” तो म्हणाला. “म्हटलं, अजून एकदोनदा ऐकून घ्यावं.”

“चावट! आणि ते माझ्या ओठांकडे बघणं? ते नुसतं ऐकण्यासाठीच ना?”

“हो... सुरुवातीला.”

“आणि नंतर?”

“नंतर तू गप्प असलीस तरी बघत बसायचो की!”