जुन्या कार्डाचा राखणदार

ठाण्याला, नौपाड्यातल्या जुन्या सामानाच्या दुकानात मी खोक्यातून एक ग्राफिक्स कार्ड उचललं, आणि त्याच कार्डाचं दुसरं टोक आणखी कुणीतरी धरलं.

"सॉरी, हे मी घेतेय," मी म्हटलं.

"मी पण," तो म्हणाला. सोडलं मात्र नाही. "तुम्हाला कशाला हवंय? यावर एकही गेम चालत नाही."

"गेम खेळणारी दिसते मी?" कडेवर माझी दीड वर्षाची जनी होती आणि ती त्याच्या ओल्या छत्रीचा दांडा तोंडात घालायच्या बेतात होती. मी तिला मागे ओढलं. "खडवलीला मुलींचा कम्प्युटर क्लास घेते मी. सगळी मशीन जुनी, सगळ्यांत हेच कार्ड, म्हणून एक जादाचं हवंय. सिस्टिम ओपन सोर्सवाली, म्हणजे लोकांनी मिळून फुकट लिहिलेली. परवा अपडेट मारलं आणि सगळे स्क्रीन काळे! ज्याने हा ड्रायव्हर लिहिलाय ना, तो एकदा सापडू दे मला..."

त्याने कार्ड सोडलं. कान लाल झाले होते.

"सापडलाय," तो म्हणाला. "मीच."

त्याचं नाव यज्ञेश. चेंदणी कोळीवाड्यातला. दिवसा ऑफिस, आणि उरलेल्या वेळात हा ड्रायव्हर सांभाळायचा, फुकट. कार्डाने स्क्रीनवर काय आणि कसं उमटवायचं, ते सांगणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. त्याचं स्वतःचं कार्ड जळालेलं, म्हणून शेवटचा बदल त्याने चालवून न बघताच पाठवलेला. आता सिस्टिम सांभाळणारी वरची मंडळी वैतागली होती. पुढच्या आवृत्तीआधी दुरुस्ती आली नाही, तर हा ड्रायव्हर सिस्टिममधून काढूनच टाकणार. म्हणजे माझा क्लास भंगारात.

"आणि नियम असाय," तो म्हणाला, "की बदल करणाऱ्याने स्वतःच 'चालतंय' म्हणायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी खऱ्या मशीनवर चालवून स्वतःचं नाव द्यायचं. पण हे कार्ड वापरणारं आता कुणी उरलंच नाहीये..."

मी कार्ड त्याच्या हातात ठेवलं. "घ्या. क्लासचं एक मशीन माझ्या घरी आहे, डोंबिवलीला. तुम्ही बदल पाठवा, मी चालवून बघते. आणि क्लास बुडाला तर घरी येऊन भांडेन."

"पत्ता देऊन ठेवतो," तो गंभीरपणे म्हणाला.

मला हसू आलं. घटस्फोटानंतर अनोळखी माणसाच्या बोलण्यावर मी पहिल्यांदाच हसले, आणि लगेच घाबरलेही.

मग रोजच सुरू झालं. तो बदल पाठवायचा, मी चालवायचे, तो फोन करायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलं नाही. बी.एस्सी.ला शिकलेलं सगळं धूळ झटकून वर आलं. एका रविवारी तो आईने दिलेला सुक्या बोंबलांच्या चटणीचा डबा घेऊन आला, माझ्या बाबांनी डबा संपवला आणि वर विचारलं, "हा मुलगा पुन्हा कधी येणार?" त्याच दिवशी स्क्रीन उजळला. जनीने टाळ्या वाजवल्या. यज्ञेश माझ्याकडे बघत होता... स्क्रीनकडे नाही.

पण मला एक खोड आहे. झोपलेल्या जनीच्या नाकाशी बोट धरून मी अजून श्वास बघते. दुपारी ती झोपली तेव्हा मी मशीनही झोपवलं, स्लीपवर टाकलं, तेही उठतं का बघायला. जनी उठली. मशीन उठलं नाही. स्क्रीन काळाच.

"यज्ञेश, उठत नाहीये!" मी फोन लावून म्हटलं.

"कोण? जनी?" त्याचा आवाज चिरकला.

"मशीन रे."

"हुश्श! माझ्याकडे तर उठतं. दहा सेकंद झोपवतो, लगेच उठतं."

"दहा सेकंद ही काय झोप झाली? मूल नाही ना तुला."

तो हसला नाही. "माधवी, उद्या शेवटचा दिवस आहे. तू नाव दे, झोपेचं नंतर बघू."

"नाही देणार."

"अगं, तुझाच क्लास जाईल!"

"माहितीये. पण माझ्या नावावर विसंबून कुणीतरी आपलं मशीन झोपवेल आणि ते उठणारच नाही. ती धाकधूक मी रोज जगते. दुसऱ्याला नाही द्यायची मला."

फोन ठेवला गेला. संपलं, असं मला वाटलं.

सकाळी दार उघडलं तर समोर यज्ञेश. केस विस्कटलेले, काखेत लॅपटॉप.

"तुझं बरोबर आहे," तो दारातूनच बोलायला लागला. "थोडाच वेळ झोपलं तर कार्डाला सगळं आठवत असतं. जास्त झोपलं की विसरतं, आणि माझा ड्रायव्हर त्याला काही आठवणच करून देत नाही. सगळं पहिल्यापासून शिकवायला हवं... बसूया?"

बसलो. तो लिहीत होता, मी ओळन्‌ओळ वाचून त्याच्या चुका काढत होते. दुपारी जनीला झोपवलं, मशीनलाही. मग थांबण्याशिवाय काही हातात नव्हतं. स्वयंपाकघरात चहा घेऊन कुजबुजत उभे राहिलो.

"उठलं नाही तर?"

"तर नाव नाही."

"आणि उठलं, तर मला... अजून एक विचारायचंय."

"त्याची वाट कशाला बघतोस? आत्ताच विचार."

त्याने कप खाली ठेवला. "मला तू हवीयेस. तुम्ही दोघी."

"मला सारखी भीती वाटते, यज्ञेश. हिला ताप येईल, हिचा श्वास... कुणीतरी सोडून जाईल..."

"मग घाबर ना. मी घाबरू नको म्हणणार नाही. फक्त एकटी घाबरू नकोस."

आत जनी रडत उठली. मी तिला उचललं आणि कीबोर्डवर बोट दाबलं. काळं... अजून काळंच... यज्ञेशने श्वास रोखून धरलेला. मग स्क्रीन लख्ख उजळला.

बदल वेळेत गेला, घेतलाही गेला. खडवलीचा क्लास चालू आहे. पण हे सगळं पुढचं. त्या क्षणी मला नाव टाइप करायला दोन्ही हात मोकळे हवे होते. जनीला मी सहसा कुणाकडे देत नाही. मी तिला यज्ञेशच्या हातात दिली.

"हे... हो आहे का?" त्याने विचारलं.

"नीट धर," मी टाइप करता करता म्हटलं. "आता सोडायचं नाही."